राजदूत भिंतीवर नको

परवा संध्याकाळी एक तरुण हॉटेलवाला घरी आला. रस्त्याला लागून त्याचे नवे हॉटेल होते आहे. 'जुन्या जमान्याची थीम' आहे म्हणाला. कंदील, जाते, बैलगाडीचे चाक, रेडिओ असे सगळे गोळा झाले आहे, आता दर्शनी भिंतीवर टांगायला एक राजदूत हवी. माझ्याकडे आहे हे त्याला कोणीतरी सांगितले होते. भाव मी न विचारताच सांगून टाकला, साठ हजार. मी म्हटले, "अहो, गाडी चालू आहे." तर म्हणतो, "चालू नसली तरी चालेल सर. इंजिन काढूनच टाकणार आहोत, भिंतीला वजन पेलत नाही."

चहा पाजून त्याला वाटेला लावला. मुलगा वाईट नव्हता, जाताना पायाही पडला. पण रात्री मला काही झोप लागेना. इंजिन काढून टाकलेली राजदूत म्हणजे नेमके काय उरले? म्हणून हे लिहायला बसलो आहे. आमच्या चिरंजीवांच्या मते मी हल्ली फार चिडतो. असेल!

ही गाडी मुळात माझी नव्हे, आमच्या हेडसरांची. मी 1972 साली अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक म्हणून लागलो. ते दुष्काळाचे वर्ष. पुढच्या वर्षी हेडसरांनी राजदूत घेतली आणि पंचक्रोशीत ती पहिली मोटारसायकल ठरली. तेव्हा जालना जिल्हा नव्हताच, तो झाला 1 मे 1981 ला. म्हणून गाडीच्या आरसी बुकावर गाव तेच, पण जिल्हा औरंगाबाद. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल गाडीचा. पावणेदोनशे सीसी, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, गिअर तीन. दिसायला काही खास नाही. 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरने चालवली ती छोटी राजदूत वेगळी, ती शहरातल्या पोरांसाठी. आमची राजदूत दूधवाल्याची, ग्रामसेवकाची आणि मास्तरची. खड्ड्यात आपटली तरी कुरकुरत नसे आणि गावचा सायकल दुरुस्त करणाराही तिला हात लावू शकत असे.

त्या गाडीवर हेडसर अंबडहून आम्हा सगळ्यांचा पगार आणत. एका पावसाळ्यात रात्री सातवीतल्या एका मुलीला साप चावला. हेडसर पुढे, मध्ये मुलगी, मागे तिला धरून मी. नाल्यात पाणी होते, गाडी घसरली आणि टाकीला डाव्या बाजूने दगडाचा पोचा पडला. हेडसरांनी उठून पहिल्यांदा मुलीकडे बघितले, मग किक मारली. गाडी चालू झाली. नसती झाली तर काय झाले असते ते मला सांगता येत नाही. ती मुलगी आज आजी आहे.

हेडसर 1994 ला निवृत्त झाले, 1998 ला गेले. गाडी गोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. वर कडबा रचला गेला, सीटवर कोंबड्या बसू लागल्या. 2024 च्या एप्रिलमध्ये एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी गेलो तर हेडसरांचा नातू म्हणाला, "उद्या भंगारवाला येतोय. वजनावर साडेतीन हजार देतो म्हणाला."

आता आमचे जालना म्हणजे स्टीलचे गाव. देशभरातले भंगार इथे येते, भट्टीत वितळते आणि सळया होऊन घरांच्या स्लॅबमध्ये जाते. त्यात वाईट काही नाही, हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण भंगार कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार आपण फार लवकर तराजूला देऊन टाकला आहे असे मला वाटते. जे मोडले आहे आणि दुरुस्तच होणार नाही ते भंगार. जे नुसते थांबलेले आहे ते भंगार कसे?

मी बारा हजार देऊन गाडी घेतली. वहिनींनी, म्हणजे हेडसरांच्या पत्नींनी, पैसे मोजले नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, चालू झाली तर दाखवायला आणा."

जालन्यात कडबी मंडीच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा मी उत्साहाने किकवर पाय ठेवायला गेलो, तर ओरडलेच, "मास्टरसाब, लात नक्को मारो! जाम है. लात मारे तो रिंग टूटती!" शाळेत आयुष्यभर मी ओरडलो, इथे माझ्यावर कोणी ओरडले आणि मला बरे वाटले.

मग त्यांनी प्लग काढला, भोकातून डिझेल आणि रॉकेल ओतले आणि गाडी आठ दिवस तशीच ठेवली. आठ दिवस काहीही करायचे नाही, हाच उपचार. नवव्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू मागेपुढे केले. पिस्टन सुटला. सायलेन्सरमधून उंदराचे घरटे निघाले, टाकीतून वाटीभर गंज. टाकीत खडी आणि नट टाकून ती पोत्यात गुंडाळून खळखळ हलवली, आतला गंज खरवडून काढला. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक बसला होता. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑईल सील दगडासारखे झाले होते. टू-स्ट्रोक गाडीत क्रँककेसमधूनच पेट्रोल-हवेचे मिश्रण वर जाते, सील गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गाडी काही केल्या नीट चालत नाही. हे उस्तादांनी मला खडूने फरशीवर काढून समजावले. इतका चांगला तास मी स्वतः क्वचितच घेतला असेल. सील दिल्लीच्या करोलबागेतून मागवले. एक बुश कुठेच मिळेना, तो इथल्याच एका लेथवाल्याने अर्ध्या तासात करून दिला. स्टीलच्या गावात राहण्याचा हाही एक फायदा!

रंगारी म्हणाला, टाकीचा पोचा काढून देतो, कळणारही नाही. मी नको म्हटले. त्याला ते पटले नाही.

एकूण खर्च एकतीस हजार, गाडीची किंमत सोडून. ही म्हणाली, एवढ्यात जुनी हिरो होंडा आली असती. आली असती. चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "बाबा, टू-स्ट्रोक प्रदूषण करते." हा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते, वर मिसळलेले ऑईल जळते. शहरात रोज लाखभर राजदूती फिरू लागल्या तर मी पहिला विरोध करीन. पण माझी गाडी आठवड्यातून एकदा बाजारात जाते. पीयूसी ही तपासणी त्यासाठीच आहे ना? यंत्रापुढे उभे करा आणि धूर मोजा. नापास झाली तर गाडी घरी ठेवीन. मुलाला परीक्षेत नापास करायचे तर त्याचा पेपर तपासावा लागतो, जन्मतारीख बघून नापास करता येत नाही.

सरकारचे धोरण मात्र जन्मतारीख बघते. पंधरा वर्षांनंतर मोटारसायकलची नोंदणी पुन्हा करायला पूर्वी तीनशे रुपये लागत, 1 एप्रिल 2022 पासून हजार झाले, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला दोन हजार. उशीर झाला तर दंड वेगळा. गाडी चांगली ठेवली म्हणून सवलत नाही, म्हातारी झाली म्हणून दंड.

आणि गंमत पुढेच आहे. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षे. पुढची अट वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ही गाडी रस्त्यावर नियमित वापरायची नाही! प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या, बाजाराला न्यायची नाही.

म्हणजे वय झाले की आधी दंड, आणि पन्नाशी उलटली की देव्हारा. मधली जी साधी, रोजच्या उपयोगाची जागा आहे, ती तिला कुठेच नाही. मला हे ओळखीचे वाटते. अठ्ठावन्नाव्या वर्षी आम्हाला घरी पाठवले. त्यानंतर शाळेने मला अनेकदा बोलावले आहे, शाल आणि नारळ द्यायला. एका तासाला या, पोरांना व्याकरण शिकवा, असे एकदाही कोणी म्हणाले नाही. हॉटेलची भिंत आणि व्यासपीठावरची खुर्ची यांत फार फरक नाही, खुर्चीवर निदान चहा मिळतो. असो. विषय गाडीचा आहे.

इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला रस्त्याचा कर माफ आहे, 2018 पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, आणि ती रोज चालवता येते. तपासणी नको हे मला पटत नाही, तपासणी हवीच. पण चालती गाडी चालत राहू द्यावी एवढे तरी त्यांना कळले आहे.

आपल्याकडे जपणे म्हणजे काय हे आपण विक्रांतच्या वेळी पाहिले. 1971 च्या युद्धात लढलेली युद्धनौका, 1997 ला सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मग खर्च परवडेना म्हणून 2014 ला विकली आणि तोडली. 2016 मध्ये बजाजने तिचे पोलाद वापरून मोटारसायकल काढली, टाकीवर तसे लिहिलेही होते. लोकांनी अभिमानाने घेतली. आमच्या शेजारच्या मुलानेही घेतली आणि मला दाखवायला आणली. मी टाकीवर हात फिरवला. आख्खी नौका सांभाळता आली नाही, तिचा चिमूटभर लोखंडी अंगारा आपण पेट्रोलच्या टाकीला लावला. त्या पोराला मी तसे बोललो नाही, त्याचा चेहरा फार आनंदी होता.

मी व्हिंटेजच्या वाटेला गेलोच नाही. साध्या नोंदणीचा अर्ज केला. आधी वारसांची नावे, मग माझे. जुनी नोंद रजिस्टरात, रजिस्टर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि संगणकात नोंद नाही म्हणजे गाडी नाहीच! एका कार्यालयाच्या खिडकीवर तरुण कारकून म्हणाला, "आजोबा, कशाला त्रास घेता? स्क्रॅपला द्या, सर्टिफिकेट मिळेल." मी म्हटले, सर्टिफिकेटे माझ्याकडे भरपूर आहेत. अकरा महिने लागले. 2025 च्या मार्चमध्ये काम झाले.

उस्तादांकडे आता शिकायला कोणी येत नाही. पॉइंटमधले अंतर नजरेने ठरवणारा, आवाजावरून मिश्रण पातळ की जाड ते सांगणारा माणूस गेला की ते ज्ञानही जाणार. त्यांचा स्वतःचा नातू शोरूममध्ये लॅपटॉप जोडून बिघाड शोधतो. तेही शिकलेच पाहिजे. पण भिंतीवर टांगलेल्या गाडीचा पॉइंट कधी घासत नाही, सील कधी वाळत नाही. तिला मिस्त्रीच लागत नाही. हॉटेलवाल्याला मला हेच सांगायचे होते आणि तेव्हा सुचले नाही. नेहमी असेच होते. हौशी मंडळींचाही मला थोडा राग आहे. चार-चार गाड्या घेतात, आरशासारख्या चकचकीत करतात, आच्छादनाखाली ठेवतात, आणि वर्षातून एकदा टेम्पोत घालून प्रदर्शनाला नेतात. त्यांच्यामुळे भाव असा चढला आहे की ज्याला खरोखर वापरायची आहे त्या शेतकऱ्याला साधा कार्ब्युरेटर परवडत नाही.

कागद हातात आल्यावर पुढच्याच रविवारी सकाळी निघालो. चिरंजीव सुट्टीला आले होते, मोटार घेऊन मागून आले, मी पडेन म्हणून. गोलापांगरीला चहा घेतला, तिथे दोन म्हातारे उठून गाडीजवळ आले आणि काही न बोलता उभे राहिले. अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीखालून वळलो. तो नाला आता राहिला नाही, पूल झाला आहे. वेग चाळीस, कंबर दुखत होती, पण गाडी एकदाही बंद पडली नाही.

वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही. मी गाडी अंगणात आणली आणि चालूच ठेवली. त्या जवळ आल्या, टाकीवरून हात फिरवत डाव्या बाजूला पोच्यापर्यंत आल्या आणि तिथे हात थांबला. मग पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अजून बी धूर तेवढाच करती की हो, भाऊजी."

मी म्हटले, "हो वहिनी, पीयूसीत कशीबशी पास झालीय."