धीर कुणी आणि कुठे धरायचा?

'हल्ली लोकांना धीरच राहिलेला नाही' हे आमच्या वयाच्या मंडळींचे आवडते वाक्य. मला ते अर्धेच पटते. आपल्याकडे धीर भरपूर आहे, पण तो भलत्या जागी खर्च होतो.

बघा ना. पोलादपूरच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल पडतात. उतरणाऱ्याला आधी उतरू देण्याइतकी सवड कुणाला नाही. घाटातल्या वळणावर पुढची गाडी मागे टाकायची घाई. मोबाईलवर निरोप वाचल्याची निळी खूण दिसली आणि पाच मिनिटांत उत्तर आले नाही, की रुसवा!

आता याच महामार्गाचे पाहा. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. दहा वर्षे उलटली तरी ते पुरे झाले नव्हते. दर गणपतीला चाकरमानी खड्ड्यांतून हाडे खिळखिळी करून घेत गावी आले आणि 'चालायचेच' म्हणून परत गेले. याला आपण सोशिकपणा म्हणून गौरवतो. मी याला आळस म्हणतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. राज्यभर संताप उसळला आणि जून २०१७ मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मनात आणले तर काम वर्षाच्या आत होते. पण त्यासाठी आधी माणसे वाहून जावी लागली.

कुणी म्हणेल, 'गुरुजी, मग काय रोज रस्ता अडवायचा?' तसे नाही. खरा धीर कसा असतो हे महाडला बाहेरून शिकायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तरी बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. त्याच डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायला हजारो लोक जमले, तेव्हा तळे खासगी असल्याचा दावा करून विरोधकांनी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आणलेला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मात्र हक्क सोडला नाही. खटला लढवत राहिले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. तळ्याचे पाणी घेतल्यापासून जवळजवळ दहा वर्षे!

त्या दहा वर्षांत कुणी 'चालायचेच' म्हणून घरी बसले असते तर? थांबणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. आपण तो विसरलो आहोत. म्हणून दुबळ्याला 'धीर धरा' सांगणाऱ्यांचा मला राग येतो. स्वतः रेशनच्या रांगेत दहा मिनिटे उभे न राहणारे लोक, दरड कोसळून घर गेलेल्याला वर्षानुवर्षे थांबायला सांगतात!

तेव्हा रुमाल खिशात ठेवा, आधी उतरणाऱ्याला उतरू द्या. आणि ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा, शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न विचारा, तोही लेखी. उत्तर आले नाही तर पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा. लोक कंटाळतील, हसतीलही. तिथे धीर धरा.