नाकाची वाट आणि नोंदीची शिस्त

कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर मराठी इतिहासाला अपरिचित नाही. १७९८ मध्ये इंग्रजांनी तंजावरच्या गादीवरून दूर केलेले अमरसिंह राजे येथेच राहिले. त्यांच्या जागी आलेल्या सरफोजी राजांनी तंजावरात धन्वंतरी महाल चालविला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार तेथे औषधे पारखून गुणकारी औषधांची नोंद ठेवीत. औषधाचा निवाडा त्याच्या प्राचीनतेवर वा नावीन्यावर नव्हे, तर नोंदीवर व्हावा, ही ती दृष्टी होती.

नाकावाटे द्यावयाच्या नॅनोकण-औषधांबाबत आज तिचीच गरज आहे. रक्तातून मेंदूकडे जाणारी बहुतेक औषधे वाटेतील संरक्षक अडथळ्यापाशी थांबतात. नाकाच्या छताशी असलेल्या गंधचेतांच्या मार्गाने तो टाळता आला, तर कंपवात वा अपस्माराच्या रुग्णांना मोठा दिलासा मिळेल. मात्र नाकाचे अस्तरही पहारेकरीच आहे. श्लेष्मा आणि सूक्ष्म लोम पंधरा-वीस मिनिटांत औषध घशाकडे लोटतात. म्हणून कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या कायटोसानसारख्या, अस्तराला चिकटणाऱ्या पदार्थाच्या नॅनोकणांत औषध भरले जाते.

प्रयोगशाळेतील यश येथे जपून वाचले पाहिजे. उंदराच्या नाकात गंधग्राही अस्तर सुमारे निम्मे असते, तर माणसात दहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय जी वाट औषधाला खुली होते, तीच वाहक कणालाही होते. वर्षानुवर्षे घ्यावयाच्या औषधाचे कण मेंदूत साचतात काय, याचे उत्तर काही आठवड्यांच्या चाचणीतून मिळणार नाही.

नाकाची वाट भारताला नवी नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नासिका लस आणली. भारत बायोटेकची कोविडवरील ‘इन्कोव्हॅक’ २६ जानेवारी २०२३ रोजी आली. परंतु लस एक-दोनदा घ्यावयाची असते, कंपवाताचे औषध जन्मभर. केंद्राने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, हे स्वागतार्हच. पण परवानगी हा देखरेखीचा शेवट नव्हे, आरंभ आहे.

यास्तव दोन गोष्टी बंधनकारक कराव्यात. मानवी चाचण्यांचे निष्कर्ष, अपयशासह, सार्वजनिक चाचणी-नोंदवहीत प्रसिद्ध व्हावेत. तसेच परवानगीनंतर रुग्णांचा दीर्घकालीन मागोवा घेतला जावा आणि त्याचा खर्च उत्पादकाने सोसावा. तिरुविडैमरुदूरच्या तालुका रुग्णालयात दिसलेला दुष्परिणामही या नोंदीत आला पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वी एका संस्थानाने पाळलेली शिस्त प्रजासत्ताकाला जड जाऊ नये.