‘नाही’ चौथ्या ओळीत असतं

“वाढली ना मुदत! तुह्याच बातमीत त आहे,” काका म्हणाले. आमच्या रिठदहून रिसोड काही लांब नाही, पण पीकविम्याचं काम त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं. बातमी अशी होती : ‘सोयाबीन उत्पादकांना पीकविम्याची मुदत वाढवून देण्याचा कोणताही विचार सध्या नाही.’ कार्डवर दिसत होतं ‘मुदत वाढवून देण्याचा’, आणि पुढे तीन टिंबं. त्या वर्षी काकांचं सोयाबीन विम्याविना राहिलं.

ते कार्ड मी बनवलं होतं. म्हणून हे भांडण आधी माझ्याशी आहे, मग माझ्या धंद्यातल्या सगळ्यांशी.

सीएसएसमधला फ्लोट १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. फोटो एका कडेला सरकवायचा, मजकूर त्याच्या बाजूने वाहू द्यायचा. वर्तमानपत्रात असतं तसं. लाइन-क्लॅम्पचं काम वेगळं : ओळी मोजायच्या आणि तिसरी संपली की कापायचं. तो फक्त ओळी मोजतो. फोटो त्याच्या हिशेबात नसतो, पण फोटोने त्या ओळींची रुंदी खाल्लेली असते. अर्ध्या रुंदीचा फोटो असला की ओळी तीनच राहतात, शब्द निम्मे होतात. त्यात ‘रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम’ एवढ्यातच पहिली ओळ संपते.

इंग्रजीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीकडेच भेटतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि ‘नाही’ अगदी टोकाला. तीन ओळींचं माप ज्यांनी ठरवलं त्यांच्या भाषेत टोक कापलं तर तपशील जातो. आपल्या भाषेत अर्थ उलटतो. (ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने घट्ट ठेवली तर शेवटच्या ओळीतले उकारही छाटले जातात. पण ते निदान दिसतं तरी.)

आणि ते ‘अजून वाचा’! ते शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकाला बसावं म्हणून आम्ही काय करतो, तर एक रिकामा फ्लोट उभा करतो, एका ओळीने कमी अशा पूर्ण उंचीचा, आणि बटणाला त्याच्याखाली फ्लोट करतो. टक्क्यातली उंची चालावी म्हणून बाहेरून फ्लेक्स गुंडाळतो. युक्ती चालण्यासाठी बटण कोडमध्ये मजकुराच्या आधी लिहावं लागतं. म्हणजे स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या अंध वाचकाला बातमीच्या आधी ‘अजून वाचा’ ऐकू येतं. कशाच्या अजून?

“गावाकडे डेटा वाचतो,” असं मीही मीटिंगमध्ये ठोकून दिलं होतं. खोटं आहे. क्लॅम्प मजकूर फक्त झाकतो. पूर्ण वाक्य काकांच्या फोनमध्ये उतरलेलंच होतं, ‘नाही’सकट.

कार्डं एका उंचीची दिसावीत, हा एकच खरा मुद्दा उरतो. त्यासाठी माणसाने दोन ओळींचा सारांश लिहावा, पूर्णविरामासकट. ते जमत नसेल तर कार्ड उंच होऊ द्यावं. मुदत, भाव, पाऊस, परीक्षा या बातम्यांना तरी क्लॅम्प लावूच नये.

मी तो काढलाय. कार्डं आता खालीवर दिसतात, आणि संपादकांचा रोज एक मेसेज येतो. काकांनी अजून उघडून पाहिलेलं नाही.