रेडिएटर बदलण्यापूर्वी

वेगवान मोटारींचा षोक असलेल्या तरुण मंडळींत एक समजूत चांगलीच रूढ आहे. गाडी तापू लागली, की कारखान्याने बसविलेला रेडिएटर काढावा आणि बाजारातून चकचकीत, सबंध अल्युमिनियमचा रेडिएटर आणून बसवावा. म्हणजे सर्व दुखणी दूर झाली! या समजुतीत सत्याचा अंश पुष्कळ आहे. परंतु अर्धे सत्य खिशाला व इंजिनाला सारखेच महाग पडते, असे आम्हांस वाटते.

प्रथम या सुधारणेची बाजू पाहू. तांबे हे अल्युमिनियमपेक्षा उष्णतेचे अधिक चांगले वाहक, असे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. मग अल्युमिनियम कशासाठी? याचे उत्तर रचनेत आहे. जुन्या रेडिएटरात नळ्या पितळेच्या व त्यांमधील चुणीदार पत्रे तांब्याचे असत आणि ते शिसे-कथलाच्या डाखाने जोडीत. पितळेची उष्णतावाहकता अल्युमिनियमच्या जवळजवळ निम्मी. डाखाची त्याहूनही कमी. शिवाय तांबे अल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक जड. म्हणून अल्युमिनियमच्या नळ्या रुंद केल्या तरी वजन आटोक्यात राहते आणि उष्णता बाहेर पडण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा गाभा मुळातच अल्युमिनियमचा असतो. त्याच्या टाक्या मात्र प्लॅस्टिकच्या. वर्षानुवर्षे उष्णता सोसून हे प्लॅस्टिक ठिसूळ होते. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारची काळी टाकी तपकिरी दिसू लागली, की जाणते मालक ती फुटण्याची वाट पाहत नाहीत. वेल्डिंग केलेल्या अल्युमिनियमच्या टाकीस हे भय नाही.

आता दुसरी बाजू. तीही याच गाडीवरून समजते. तिचे इंजिन ज्या घराण्यातील, ते पुढील चाकांना गती देणाऱ्या माझदा ३२३ मध्ये आडवे बसविलेले असे. एमएक्स-५ मध्ये ते उभे बसविताना पाणी बाहेर पडण्याची वाट पुढच्या बाजूस आणली गेली. परिणामी पाणी पुढूनच आत शिरते व पुढूनच बाहेर पडते. मागच्या चौथ्या सिलिंडरापाशी प्रवाह मंदावतो. शर्यतीच्या मार्गावर हा सिलिंडर अधिक तापतो. येथे रेडिएटर कितीही मोठा असला तरी काय उपयोग? म्हणूनच अनुभवी लोक पाण्याची वाट हेडच्या मागील बाजूने काढून घेतात.

आणखी एक गोष्ट. नेहमीच्या रहदारीत पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट ठरवितो. तो सुमारे ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागणारा असेल, तर मोठ्या रेडिएटरने पाणी त्याहून फारसे थंड होणार नाही. मोठा रेडिएटर देतो तो राखीव साठा. चढावर, शर्यतीत किंवा टर्बो बसवून शक्ती वाढविल्यावर त्याचे मोल कळते.

पंखा बंद पडला असेल, झाकण दाब धरीत नसेल, पाण्यात हवा अडकली असेल किंवा पंप झिजला असेल, तर नवा रेडिएटर दुखणे केवळ झाकतो. फार जाड गाभ्यातून हवाही नीट जात नाही. साधे नळाचे पाणी भरल्यास अल्युमिनियम आतून गंजते. योग्य शीतकद्रव भरावाच लागतो. आणि इतके करूनही मूळ दोष राहिला व हेड वाकले, तर होणारा खर्च रेडिएटरच्या किमतीहून कितीतरी मोठा!

आम्ही या बदलाच्या विरुद्ध नाही. शक्ती वाढविलेल्या गाडीस तो आवश्यकच आहे. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. उष्णता कोठे निर्माण होते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे अडते, हे आधी कागदावर मांडावे; दुकानाची पायरी त्यानंतर चढावी. वर्गात शिकलेल्या उष्णतेच्या पाठाचा याहून चांगला उपयोग तो कोणता?