माप एकच असावे

गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्या निवासस्थानी आला. पुण्यात अभियंता, स्वभावाने सरळ, रविवारची मिस्सा न चुकविणारा. त्याच्या हातात तपकिरी काचेच्या चार बाटल्या होत्या. "फादर, ही बिअर मी घरी स्वतः केली आहे. सातू, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, बाकी काही नाही. आपले मठवासी करीत, तशीच. यात पाप काय?" मंडळी हसली, पेले भरले गेले, आणि लिहिताना संकोच वाटतो, पण एक पेला आम्हीही घेतला.

तिसऱ्या दिवशी धर्मग्राम समितीची बैठक भरली. तीत एक सूचना आली : वस्तीवरील एक विधवा गूळ व नवसागर वापरून हातभट्टीची दारू गाळते आणि विकते, सबब तिच्या मुलाचे नाव शालेय मदतीच्या यादीतून काढून टाकावे. सूचना मांडणारे आणि तिला अनुमोदन देणारे, दोघेही नाताळच्या रात्री पेला हाती धरून आमच्याच अंगणात उभे होते. आम्ही तो निर्णय पुढे ढकलला. परंतु त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते, ते आता सर्वांसमक्ष देणे भाग आहे.

प्रथम त्याच्या बाजूचे जे खरे आहे ते मोकळेपणी मान्य करू. बिअर करणे ही एक जुनी आणि बुद्धीची कला आहे. सातू भिजवून त्यांना मोड आणतात, ते मोड वाळवून किंचित भाजतात, की माल्ट तयार होतो. तो भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला म्हणजे दाण्यातील पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात. फुलांमुळे कडवटपणा येतो आणि पेय टिकते. रस निवला की त्यात यीस्ट, म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातले खमीर, सोडतात. पुढचे काम ते एक-दोन आठवड्यांत पुरे करते. हॉप्सच्या टिकविण्याच्या गुणाची नोंद बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड या जर्मन मठमातेने केली होती. त्याच हिल्डेगार्डला २०१२ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ख्रिस्तसभेची धर्मपंडित म्हणून घोषित केले. १५१६ सालच्या बव्हेरियातील प्रसिद्ध नियमात बिअरसाठी सातू, हॉप्स व पाणी एवढेच सांगितले आहे; खमिराचा उल्लेख नाही, कारण त्याचे कार्य तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते कार्य उलगडून दाखविणाऱ्या लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

घरची बिअर म्हणजे विष, असेही आम्ही म्हणणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे शंभरावर माणसे दगावली, ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. सातूच्या आंबलेल्या रसात ते भय नाही. खोटी भीती घालून मिळविलेला विजय धर्मगुरूला शोभत नाही.

मग आमचा आक्षेप कशाला? पहिला आक्षेप मठांच्या दाखल्याला. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत चाळिसावे प्रकरण पेयाच्या प्रमाणावर आहे. तेथे मठवासीयास दिवसाला एक हेमिना, म्हणजे अदमासे पाव लिटर, द्राक्षारसाची मुभा आहे, आणि तीही काहीशा नाखुशीने दिलेली. ज्याला पूर्ण वर्ज्य करण्याचे बळ लाभले आहे, त्याचा तेथे गौरवच आहे. मठात पेला मोजणारा वडीलधारा असे, प्रार्थनेची घंटा असे, सहवासीयांची नजर असे. आमच्या तरुणाच्या स्वयंपाकघरात वीस लिटरची बादली आहे, मोजणारा कोण? मठाकडून आपण कृती तेवढी उचलली आणि माप तेथेच ठेवून आलो.

"पण फादर, बिअर म्हणजे काही दारू नव्हे," हे वाक्य आम्ही लग्नाच्या मांडवात शंभरदा ऐकले आहे. हिशेब करून पाहा. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे २५ ग्रॅम मद्यार्क असतो; व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात सुमारे २०. पोटात गेल्यावर यकृत जात विचारीत नाही.

दुसरा आक्षेप "आपले धान्य, आपले पेय" या अभिमानाला. जालना जिल्ह्याच्या शिवारात ज्वारी, बाजरी, मका पिकतो. बिअरचे सातू येतात राजस्थान-उत्तर प्रदेशाकडून, हॉप्स आपल्या देशात पिकलेच तर हिमाचलातील लाहौलच्या थंडीत, आणि यीस्ट पाकिटातून. त्याला अठरा-वीस अंशांचा गारवा लागतो. आमच्याकडे वैशाखात पारा बेचाळिशीला टेकतो. म्हणजे एक फ्रीज त्या बादलीसाठी राखून ठेवणे आले. आणि पाणी? धुणे, उकळणे, निवविणे धरून एका लिटरमागे कित्येक लिटर खर्ची पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, टँकरमागे धावणाऱ्या घागरी पाहिल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातील मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश द्यावा लागला. बादलीची आणि कारखान्याची तुलना होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या वस्तीत पाणी आठवड्याने येते, तेथे छंदालाही थोडी लाज असावी.

"मग ज्वारीची करू," असेही कोणी म्हणेल. २००७ साली राज्य शासनाने ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. गरिबाची भाकरी बाटलीत जाऊ नये, हा तो विचार होता. तो आपण स्वयंपाकघरातूनच मोडावा काय?

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या राज्यात परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे. स्वतः पिण्यासाठी केले म्हणून सुटका नाही. वेदीवरच्या द्राक्षारसासाठी त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे, म्हणून आमच्याकडे बोट दाखविण्याची घाई कोणी करू नये. तेव्हा कायद्याच्या पुढे अभियंत्याची बादली आणि विधवेची भट्टी शेजारी-शेजारी उभ्या आहेत. फरक आहे, तो आम्ही नाकारीत नाही : एक नुसते आंबवलेले, दुसरे गाळलेले आणि म्हणून अधिक जहाल, एक मित्रांना दिलेले, दुसरे शेजाऱ्याच्या मजुरीवर विकलेले. तिच्या दारूने वस्तीतील संसार मोडले आहेत. त्यांच्या बायकांचे अश्रू आम्ही पाहिले आहेत. परंतु पोलीस जातात ते एकीच्याच दारी. आणि आपण समितीत बसून शिक्षा ठोठावतो तीही एकीलाच, किंबहुना तिच्या लेकराला. ती भुकेपोटी करते, हा विरंगुळ्यासाठी करतो. आणि आपण भुकेला गुन्हा म्हणतो, विरंगुळ्याला छंद! खोटी वजने देवाला किळसवाणी वाटतात, असे नीतिसूत्रांचा ग्रंथ बजावतो. तो इशारा केवळ बाजारातल्या वाण्यासाठी आहे काय?

आणखी एक गोष्ट आयाबहिणींनी ध्यानी घ्यावी. गावातील परवानाधारक दुकान नकोसे झाले तर स्त्रियांना मतदानाची मागणी करता येते. आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की दुकान बंद होते. या अधिकारासाठी महाराष्ट्रातील साध्यासुध्या बायांनी मोर्चे काढले. पण माजघरातल्या बादलीवर मतदान होत नाही. जे दाराबाहेर घालविण्यासाठी त्या झगडल्या, ते आपण कौतुकाने देवघराशेजारी आणून ठेवणार काय?

काना गावच्या लग्नातला द्राक्षारस आम्हांला ठाऊक आहे, आणि मद्याचा प्रत्येक थेंब पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. म्हणून त्या तरुणास आमचे उत्तर हे : बाळा, तुझ्या हातून अपेयपान घडले म्हणून नव्हे, तर तुझी बादली जोवर छंद ठरते आणि तिची भट्टी गुन्हा, तोवर ती उचलून ठेव. तुझी कला लहान नाही; त्याच खमिराने पाव फुगतो. त्या विधवेला भट्टीवाचून दोन पैसे मिळतील असा उद्योग उभा करण्यात ती बुद्धी खर्च कर.

समितीच्या सभासदांस आमचे सांगणे याहून कडक आहे. त्या मुलाचे नाव यादीत राहील. भट्टी बंद व्हावी यासाठी आम्ही त्याच्या आईकडे जाऊ, पण रिकाम्या हातांनी आणि उपदेश घेऊन नव्हे. शिवणयंत्र असो, शेळ्या असोत, काही पर्याय घेऊन जाऊ. ज्यांना ते नाव खोडायचेच असेल, त्यांनी नाताळच्या रात्री पेला घेणाऱ्या सर्वांची नावे प्रथम लिहून आणावीत. त्या यादीच्या शिरोभागी आमचे नाव घालावे.