मोहाचें फूल आणि भट्टीवरची बाई

दारूबंदीच्या काळांतील गुन्हेगार बायका म्हटल्या कीं शहरी वाचकांस डोंगरीची जेनाबाई आठवते. नवरा पाकिस्तानांत निघून गेलेला, पदरीं पांच मुलें. आधीं रेशनच्या धान्याचा काळाबाजार व मागाहून दारू, असा तिचा क्रम सांगतात. मुंबईच्या 'आंट्यांचे' अड्डे तर आतां करमणुकीचा विषय झाले आहेत. आम्हांस आज बोलावयाचें आहे तें निराळ्या बाईविषयीं. तिच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाहीं.

ज्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं देह ठेवला, त्याच्या भोंवतालच्या मुरबाड-शहापूरच्या रानांत चैत्राच्या सुमारास मोह फुलतो. रात्रीं फुलें गळतात, पहांटे बायका-मुलें तीं वेंचतात. वाळविलेलें हें फूल ठाकर-कातकऱ्यांना टंचाईंत पोटाचा आधार; देवाला, लग्नाला, मयताला दारू त्याचीच. १८७८ च्या अबकारी कायद्यानें घरची भट्टी गुन्हा ठरली आणि कंत्राटदाराच्या दुकानाची वाट दाखविली गेली. १८९२ च्या मोहवड्याच्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच बंधनें घातलीं. हा नीतीचा प्रश्न नव्हता, महसुलाचा होता.

पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आला व एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यांत बंदी पुरी लागू झाली. त्यामागील हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे. दारुड्याच्या बायकोनें काय सोसावें लागतें हें कोणास ठाऊक नाहीं? परंतु शहराची तहान कायद्यानें भागली नाहीं. हातभट्टी खाडीच्या कांठीं व रानांत गेली, आणि मोहाची जागा काळा गूळ व नवसागर यांनीं घेतली. छाप्यांत सांपडावयाची ती चुलीपाशीं बसलेली बाई. भांडवल घालणारा तेथें कधींच नसतो.

आमच्या व्यापारी वाचकांनीं राग मानूं नये, पण हा गूळ आणि हा नवसागर रानांत उगवत नाहीं. तो कोणाच्या तरी वखारींतून, पावतीनिशीं वा पावतीवांचून, गाडींत चढतो. जून १९१५ नव्हे, परवांच्या २०१५ च्या जूनमध्यें मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांवर माणसें गेलीं. तें विष मिथेनॉल होतें, तेंही कोठून तरी विकतच आलेलें होतें.

शहाद्याच्या भिल्ल बायकांनीं १९७० नंतरच्या दशकांत स्वतः भट्ट्या फोडल्या. गांवच्या दुकानाची बाटली आडवी करण्याचा मताधिकारही आज बायकांस आहे. पण भट्टीला परवानाच नसतो. तिच्याविरुद्ध मत द्यावयाचें कोणत्या पेटींत?

२०२१ सालीं सरकारनें मोहाच्या फुलांवरील बंधनें शिथिल केलीं, हें उत्तम झालें. आतां वेंचणारीस हंगामांतच रोख भाव मिळेल अशी खरेदी गांवोगांव उभी करावी, आणि यापुढें भट्टीचा तपास चुलीपासून नव्हे, गुळाच्या गोणीपासून सुरू करावा.