गोणपाट गेले, कोपरा तसाच आहे

सातारच्या शाळेत लहानगा भीमराव वर्गात होता. हजेरीपटावर नाव होते, परीक्षेला बसत होता. आजच्या सरकारी भाषेत बोलायचे तर त्याचे 'समावेशन' झाले होते! फक्त बसायचे गोणपाट त्याने घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. शिपायाने नळ उघडला तर पाणी. शिपाई जागेवर नसेल तर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि दर 14 एप्रिलला आपण ते माइकवरून सांगतो.

मग सेरेब्रल पाल्सी असलेली तिसरीतली मुलगी शाळेत दिवसभर पाण्याची बाटली उघडत नाही, हे आपल्याला का दिसत नाही? पाणी प्यायले की लघवीला जावे लागते. अपंगांसाठी बांधलेल्या शौचालयाला कुलूप आहे किंवा त्यात मोडकी बाकडी भरली आहेत. म्हणून बाई आईला सांगतात, "तुम्ही दुपारी येऊन जात जा." आईने रोजंदारी बुडवली तर मुलगी मोकळी होणार. माझ्या कामात अशा आया मला एक-दोन नाही, अनेक भेटल्या आहेत.

ही तुलना काहींना झोंबेल. जात आणि अपंगत्व एक नाही, हे मलाही कळते. अस्पृश्यता शास्त्राने लादली, अपंगत्व शरीराचे असते. पण मुलाला आत घेऊनही बाहेर ठेवण्याची रीत मात्र तीच आहे. त्यामागचे तत्त्वज्ञानही ओळखीचे आहे. 'मागच्या जन्मीचे पाप' हे उत्तर ज्यांनी आपल्या जन्मासाठी शोधले, त्यांनीच ते पांगळ्या पायांसाठीही शोधले. 2015 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे केला, तेव्हा अनेक अपंग संघटनांनी विरोध केला. 'हरिजन' हा शब्द नाकारणाऱ्यांना तो विरोध वेगळा समजावून सांगायची गरज नसावी.

शिवाय हा दुसऱ्या कोणाचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये 2.45 टक्के. गरोदरपणातले कुपोषण, बाळंतपणाला उशिरा मिळणारा दवाखाना, धोक्याची कामे, हे सगळे कोणत्या वस्तीत जास्त असते? त्यात आपली मुले बहुतांश सरकारी शाळेत. तिथे त्या मुलाला जातही चिकटते आणि कुबडीही.

आता शिक्षकांचे म्हणणे. "आम्हाला प्रशिक्षण नाही." शिक्षकांवरचा बोजा खरा आहे. दोन शिक्षकी शाळेत पाच इयत्ता, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब. विशेष शिक्षकांचा तुटवडाही खरा. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा असे सांगितले. राज्य सरकारने 2024 मध्ये 4,860 पदांचा निर्णय घेतला तो केंद्रस्तरावर, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एक माणूस. यासाठी शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या तर मी त्यांच्या मोर्चात पुढे चालेन.

पण चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणायला कोणती पदवी लागते? हाताला कंप असलेल्या मुलाला लिहायला वीस मिनिटे जास्त द्यायला कोणते प्रशिक्षण लागते? त्याचे उच्चार नीट येत नाहीत म्हणून त्याला बुद्धी नाही असे धरून चालायचे नाही, हे कोणत्या शिबिरात शिकवायचे? खेळाच्या तासाला "तू दप्तरे सांभाळ" असे म्हणण्याऐवजी त्याला गुण मोजायला, पंच व्हायला किंवा बसून चेंडू टाकायला लावता येते. पोरे तर आपापसात नियम बदलून त्याला खेळात घेतात, मी पाहिले आहे. अडतात ते मोठे. ब्रेल किंवा खुणांची भाषा शिकायला वेळ लागतो, ते मान्य. इथे मात्र बहुतेक वेळा नुसती इच्छा लागते. महिन्यातून कधीतरी येणारा विशेष शिक्षक हा त्या मुलाचा शिक्षक नव्हे. रोज हजेरी घेतो तो त्याचा शिक्षक.

सगळ्यात मोठी लबाडी 'गृहाधारित शिक्षणा'ची. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. पर्याय मुलाला दिला, मुख्याध्यापकांना नाही! प्रत्यक्षात काय होते? अंगठा बहाद्दर म्हणून हिणवल्या गेलेल्या बापाकडून "आम्हाला घरीच चालेल" अशा कागदावर सही घेतली जाते. पट शाबूत, मूल घरात.

आणि आपण? जयंतीला तीनचाकी वाटतो, फोटो काढतो, फेसबुकला टाकतो. आपले विहार दहा पायऱ्या चढून जायचे असते आणि त्याला रॅम्प नसतो. दया वाटणारे दुसरे पुष्कळ आहेत. आपण हक्काची भाषा शिकलेली माणसे आहोत.

ती भाषा कायद्यात आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 चे कलम 16 भेदभावाविना प्रवेश, वावरण्याजोगी इमारत आणि गरजेनुसार सोयी देण्याची जबाबदारी शाळेवर टाकते. कलम 92 तर ॲट्रॉसिटी कायदा वाचलेल्या कार्यकर्त्याला लगेच ओळखू येईल. अपंग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा. किती तालुक्यांत आपण हे कलम एकदा तरी वापरून पाहिले?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यात वंचित घटकांना प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतली अशी आई त्या समितीत आहे का, ते या आठवड्यात पाहा. नसेल तर पुढच्या निवडीला तिचे नाव सुचवा. असेल तर बैठकीला तिच्याबरोबर जा आणि दोन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: गृहाधारित यादीतल्या प्रत्येक मुलाची संमती कोणी, कधी, काय सांगून घेतली, आणि त्या शौचालयाची किल्ली कोणाकडे असते.